जोडवी काळी पडतात ती जागा: गोबरगॅसच्या फिल्टरवर चांदीच्या नॅनोतारांचा प्रयोग

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर एक गोरक्षण आहे. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथं देत नाही, बाकी सगळं घडलं तसं. भाकड गाई, अपघातात सापडलेले बैल, कास्तकारांनी आणून सोडलेली जनावरं मिळून शेणाला तोटा नाही. त्यावर तरंगत्या टाकीचा गोबरगॅस चालतो आणि त्या गॅसवर जनरेटरचं इंजिन. विहिरीवरचा पंप, कडबाकुट्टी आणि रात्रीचे दिवे या इंजिनावर. लोडशेडिंगच्या दिवसांत तर सगळी भिस्त त्याच्यावरच.

कच्च्या गोबरगॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. त्यात हायड्रोजन सल्फाइड अगदी थोडा, दशलक्षात काही शेकडा ते काही हजार भाग, पण इंजिनाचं वाटोळं करायला तेवढा पुरतो. तो जळला की सल्फर डायऑक्साइड होतो, पाण्याच्या वाफेशी मिळून आम्ल तयार होतं, ऑइल आंबट होतं आणि बेअरिंगचे बुश खाल्ले जातात. या इंजिनाचे बुश दोन वर्षांत दोनदा बदलले होते. मिस्त्री दर वेळी ऑइलला दोष द्यायचा आणि ऑइलवाला मिस्त्रीला.

गॅस इंजिनात जाण्याआधी एका प्लास्टिकच्या ड्रममधून जायचा. ड्रममध्ये लेथवरचा लोखंडी कीस, मुद्दाम पाणी मारून गंजवलेला. गंज हायड्रोजन सल्फाइडला धरून ठेवतो आणि स्वतः लोहाचा सल्फाइड होतो. उपाय जुना, स्वस्त आणि चांगला. मी जवळच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवा होता आणि गोरक्षणाच्या व्यवस्थापकांशी जुनी ओळख होती, म्हणून आम्ही तिथं पोचलो.

अडचण

कीस कधी संपला हे कोणालाच कळत नव्हतं. कीस गंजलेला असो वा सल्फाइड झालेला, बाहेरून ड्रम सारखाच दिसतो. व्यवस्थापक दर दोन महिन्यांनी बदलायला सांगायचे. पण जनावरांना सरकीची ढेप मिळाली की शेणातलं गंधक वाढतं आणि नुसत्या कुटारावर दिवस काढले की कमी होतं. गॅसला तारीख समजत नाही.

वासावर भरवसा ठेवता येत नाही. सडक्या अंड्याचा हा वास दशलक्षात एक भागाच्याही खाली नाकाला कळतो, पण तिथं रोज काम करणाऱ्याचं नाक मरतं. दशलक्षात 100 भागांच्या पुढे तर घ्राणेंद्रियच बधिर होतं, म्हणजे धोका वाढला की वास नाहीसा होतो. इंजिन सांभाळणारे काका म्हणाले, "मले तं काहीच वास येत नाही सर, पंधरा वर्सं झाली."

मग त्यांच्या घरच्या मावशी बोलल्या. त्या शेणकाल्याचं काम बघतात. पायातली जोडवी पुढे करून म्हणाल्या, "गॅसपाशी काम केलं का चांदी काळी पडते. माहेरी गेली का पंधरा दिवस तशीच राह्यते." चिंचेनं घासून त्या ती उजळ करत. माझ्याबरोबरच्या मुलांनी ही गोष्ट आधी हसण्यावारी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलीच एक मुलगी विचारत आली, "सर, चांदी पातळ केली तर लवकर काळी पडेल ना?"

पहिला निर्णय: विहीर की फिल्टर

काम सुरू होण्याआधीच व्यवस्थापकांनी वेगळी मागणी केली. गाळ काढायला विहिरीत उतरलेली माणसं गुदमरल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. "विहिरीसाठीच काही करता येते का? तुमचं यंत्र सोडायचं खाली, लाल दिवा लागला का उतरायचं नाही."

मोह मोठा होता. मुलांना तर तोच प्रकल्प हवा होता, कारण त्यात जीव वाचवण्याची गोष्ट होती. आम्ही नाही म्हटलं आणि मला अजूनही तोच या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बरोबर निर्णय वाटतो. बंद पडलेल्या विहिरीत माणूस बहुतेकदा मरतो तो प्राणवायू कमी पडून, किंवा जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचल्यामुळे. चांदीच्या तारेला या दोन्हींतलं काहीच कळत नाही. तिनं दिवा लावला नाही म्हणजे विहीर सुरक्षित, असं कोणी धरून चाललं असतं तर ती जबाबदारी आमच्यावर होती. कंदील सोडून बघण्याची जुनी रीतही अपुरी आहे. प्राणवायू 16-17 टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते, पण विषारी वायूबद्दल ती काही सांगत नाही आणि मिथेन असेल तर कंदीलच स्फोट घडवतो. विहिरीसाठी प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे चारही मोजणारा प्रमाणित मीटर भाड्यानं आणा, आधी हवा खेळवा, वर दोर धरून माणूस ठेवा, एवढं लिहून दिलं. व्यवस्थापक थोडे खट्टू झाले.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळणाऱ्या, टिन ऑक्साइडवर आधारलेल्या सेन्सरचा. मुलांना तो तोंडपाठ होता. पण त्याच्या आत हीटर असतो, सतत जवळपास पाऊण वॅट खातो आणि मिथेनलाही प्रतिसाद देतो. ज्या नळीत अर्ध्याहून जास्त मिथेन आहे तिथं त्यातला हायड्रोजन सल्फाइड वेगळा ओळखायचा म्हणजे वऱ्हाडातल्या लग्नात एकट्या सनईचा सूर ऐकायचा. शिवाय गॅसच्या नळीत तापलेली वस्तू ठेवायचं धाडस माझ्यात नव्हतं.

दुसरा विद्युत-रासायनिक सेल. तो खरोखर हायड्रोजन सल्फाइड मोजतो. पण महाग, आणि आमच्याकडच्या कोरड्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात त्यातलं द्रावण सुकतं. दर दोनेक वर्षांनी नवा घ्यावा लागला असता. गोरक्षणाच्या हिशेबात ते बसलं नसतं.

तिसरा पर्याय मुलांनी शोधून आणला: पॅलेडियमच्या नॅनोतारा. 2001 साली कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या संशोधकांनी दाखवलं होतं की पॅलेडियमच्या अतिसूक्ष्म तारांमध्ये बारीक भेगा असतात. हायड्रोजन शोषून धातू फुगतो, भेगा मिटतात, वीज सहज वाहते आणि हायड्रोजन गेला की भेगा पुन्हा उघडतात. तापवावं लागत नाही, आणि एकच पट्टी पुन:पुन्हा वापरता येते. कल्पना इतकी देखणी की एक मुलगा आठवडाभर तिच्यातच अडकला. पण आमच्या नळीत हायड्रोजनचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्याच्या प्रश्नाचं सुंदर उत्तर आपल्या प्रश्नाला चिकटवण्याची ही सवय संशोधनात फार दिसते, माझ्यातही आहे.

चौथा पर्याय लेड अॅसिटेटचा कागद. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वापरात असलेला, काही रुपयांचा. हायड्रोजन सल्फाइड लागला की काळा होतो. आमचे रसायनशास्त्राचे सहकारी पहिल्याच बैठकीत म्हणाले, "कागद लावा की. नॅनो-बिनो कशाला?" त्यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, कागद बघायला माणूस लागतो, पट्टी स्वतःहून दिवा लावेल. ते खरंच होतं, पण मुलांना नॅनोतारा करून बघायच्या होत्या हे त्याहून खरं होतं.

पाचवा पर्याय टाकीत थोडी हवा सोडण्याचा. अशी हवा दिली की जिवाणूच हायड्रोजन सल्फाइडचं गंधक करून टाकतात. मोठ्या प्रकल्पांत हे सर्रास होतं. पण हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की मिश्रण पेट घेतं. मोजमापाशिवाय हा खेळ काकांच्या हातात द्यायला कोणी तयार झालं नाही.

शेवटी ठरल्या चांदीच्या नॅनोतारा. चांदी हायड्रोजन सल्फाइडला धरते आणि काळा सिल्व्हर सल्फाइड होतो, तेच जोडव्यांचं रहस्य. जोडवं जाड असल्यानं फक्त पृष्ठभाग काळवंडतो, आत चांदी शाबूत राहते आणि चिंचेनं घासलं की पुन्हा उजळते. तार 60-70 नॅनोमीटर जाडीची, म्हणजे केसाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी, असेल तर पृष्ठभाग आणि पोट यांत फरकच उरत नाही. सगळी तारच खाल्ली जाते. सल्फाइड चांदीच्या मानानं विजेला फारच वाईट वाहक, त्यामुळे तारांच्या जाळीचा विद्युत रोध सरसर वाढतो. ही पट्टी एकदाच वापरायची, परतीचा रस्ता नाही. सेन्सरच्या पाठ्यपुस्तकात हा दोष मानला जातो. आम्हाला कीस संपल्याचं एकदाच कळायचं होतं, तेव्हा तो दोष चालण्यासारखा होता.

काय केलं

तारा करण्याची रीत प्रसिद्ध आहे. इथिलीन ग्लायकॉल सुमारे 160 अंशांवर ठेवायचं, त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि पीव्हीपी नावाचं बहुवारिक थेंबथेंब सोडायचं. पीव्हीपी तारेच्या बाजूंना चिकटून राहतं, म्हणून चांदी टोकांकडून लांब वाढत जाते. पहिल्या तीन खेपा फुकट गेल्या. दोनदा ऐन वेळी वीज गेली, तेलाचं पात्र थंड झालं आणि तारांऐवजी पिवळसर कण मिळाले. तिसऱ्यांदा या रीतीत चिमूटभर लागणारं मीठ जास्त पडलं. चौथ्या खेपेत बाटली हलवली तेव्हा राखाडी द्रावणात रेशमासारखी चमक फिरली. तारा झाल्याची ती खूण. नागपूरच्या एका संस्थेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री केली.

तारा काचेच्या पट्टीवर पसरल्या, दोन टोकांना वीज वाहणारा चांदीचा रंग लावून वायर जोडल्या. चांदीचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्यानं वाढतो. पहाटे 25 आणि दुपारी 45 अंश असतील तर काहीही न घडता 8 टक्के वाढ दिसणार. म्हणून शेजारी दुसरी पट्टी ठेवली, तिच्यावर नेलपॉलिशचा जाड थर देऊन वायूपासून झाकली आणि दोघी व्हीटस्टनच्या सेतूत, म्हणजे रोधांतला फरक दाखवणाऱ्या मंडलात, जोडल्या. तापमानाचा परिणाम दोघींवर सारखा, वायूचा फक्त एकीवर. बारावीच्या मुलांना जो सेतू फक्त परीक्षेपुरता आठवतो, तो कामाला आलेला बघून मी उगाच खूश झालो.

प्रयोगशाळेत किपच्या उपकरणानं हायड्रोजन सल्फाइड काढला, सिरिंजनं मोजून मोठ्या बरणीतल्या हवेत मिसळला. पट्टी काही मिनिटांत काळी पडू लागली, रोध चढला. यात एक चूक झाली ती लिहून ठेवतो. प्रयोगशाळेच्या धूर-कपाटाचा पंखा बंद होता. पहिला प्रयोग आम्ही खिडक्या उघडून केला आणि एका मुलाचं डोकं दुखू लागल्यावर थांबलो. त्यानंतरचे सगळे प्रयोग मोकळ्या अंगणात, वारा येतो त्या बाजूला उभं राहून केले. पंखा आधी दुरुस्त करायला हवा होता.

मग पट्टी ड्रम आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत बसवली. आठवडा गेला, काहीच नाही. कीस मुद्दाम जुनाच ठेवला होता, लेड अॅसिटेटचा कागद बाहेर काळाकुट्ट होत होता, तरी पट्टी जेमतेम हलत होती. इथं दोन दिवस डोकं खाजवण्यात गेले. कारण साधं होतं. चांदी काळी पडण्याची क्रिया प्राणवायू असला की झपाट्यानं होते, नसला की रेंगाळते. आम्ही बरणीत हवा ठेवून चाचण्या घेतल्या आणि बसवली पट्टी अशा नळीत जिथं हवा जवळपास शून्य. मावशींची जोडवीही हवेतच काळी पडत होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. भरीला नळीत साचलेल्या पाण्यानं पट्टीवरच्या तारा एका कोपऱ्यातून धुऊन काढल्या.

दुसरा निर्णय: नळीच्या आत की बाहेर

पट्टी बाहेर आणायची तर गॅस आणि हवा एकत्र येणार, म्हणजे पुन्हा स्फोटाची भीती. सहकाऱ्यांनी इथं हट्ट धरला आणि तो योग्य होता. शेवटी असं ठरलं: मुख्य नळीतून एक बारीक नळी काढायची, आधी पाणी साचायचा सापळा, मग अगदी बारीक सोडलेली चावी, आणि नळीचं तोंड शेडच्या छपराच्या वर उघड्यावर. तिथं जाळीच्या डबीत पट्टी. गॅस चिमूटभर सुटतो आणि वाऱ्यात विरतो. पट्टीतून जाणारा प्रवाह काही मायक्रोअँपियर, बॅटरी आणि दिवा खाली लांब भिंतीवर. हीटर नसलेला सेन्सर निवडल्याचं खरं समाधान इथं मिळालं. टिन ऑक्साइडचा असता तर तिथं बसवायचा विचारही केला नसता.

यानं काम झालं. ताजा कीस भरल्यावर पट्टी शांत राहायची आणि कीस थकत आला की तीन-चार दिवसांत रोध दुप्पट व्हायचा. पण छपरावर शेणकाल्याच्या खड्ड्याची हवाही येते. तुलनेसाठी नळीपासून लांब ठेवलेली आणखी एक पट्टीही पावसाळ्याच्या दमट हवेत हळूहळू काळवंडली. म्हणून रोध किती झाला यापेक्षा तो किती भराभर वाढतो यावर दिवा लावायचं ठरवलं.

तिसरा निर्णय: दिवा की इंजिन बंद

मुलांनी हौसेनं रिले लावला. इशारा आला की इंजिन आपोआप बंद. कागदावर उत्तम. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैल धुवायला पाणी हवं, वीज नाही आणि इंजिन बंद पडलं. काकांनी शांतपणे रिलेच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडला आणि पंप सुरू केला. आम्हाला ते तीन आठवड्यांनी कळलं. मधल्या काळात पट्टी संपून गेली होती आणि कीसही.

रागावण्यात अर्थ नव्हता. काका म्हणाले, "मशीन बंद करायचं का चालू ठेवायचं हे मले ठरवू द्या. तुमी फक्त सांगत जा." मग रिले काढला, पिवळा दिवा ठेवला आणि दिव्याखाली एका ओळीत लिहिलं: दिवा लागल्यापासून आठ दिवसांच्या आत कीस बदला. त्यानंतर कोणी जम्पर टाकला नाही.

एक अपघात, जो थोडक्यात टळला

पहिल्या वेळी दिवा बघून कीस काढला तेव्हा तो पोत्यावर पसरून ठेवला. हवा लागली की तो पुन्हा गंजतो आणि परत वापरता येतो, हे बरोबर. पण या क्रियेत उष्णता निघते हे आम्ही सांगितलं नव्हतं. ढीग जाड होता. तासाभरात पोतं धुमसू लागलं आणि पाच-सहा हातांवर कुटाराची गंजी. मावशींनी बादली ओतली म्हणून निभावलं. आता कीस सिमेंटच्या ओट्यावर पातळ पसरतात, अधूनमधून पाणी मारतात आणि आसपास काही ठेवत नाहीत. सेन्सरच्या नादात आम्ही फक्त इशाऱ्याचा विचार केला. इशारा मिळाल्यावर माणूस काय करणार, त्याचा केला नाही.

परिणाम

एक पूर्ण वर्ष झालं. कीस पूर्वी ठरावीक तारखेला बदलला जायचा, आता ढेपेच्या दिवसांत लवकर आणि कुटाराच्या दिवसांत उशिरा. वर्षभरात बुश बदलावे लागले नाहीत. एका इंजिनाच्या एका वर्षावरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, याच काळात मिस्त्रीही बदलला होता.

खर्चाचं सांगायचं तर एका पट्टीला लागणारी चांदी नगण्य, पण मुलांचे तास मोजले तर ही पट्टी परवडत नाही. त्या वर्षीची मुलं पास होऊन गेली, नव्या तुकडीला तारा करायला शिकवण्यात पुन्हा चार खेपा वाया गेल्या. सहकाऱ्यांचा लेड अॅसिटेटचा कागद आता दर सोमवारी लावला जातो. त्यात शिसं आहे म्हणून हातमोजे घालून लावायचा आणि वापरलेले कागद वेगळ्या डब्यात टाकायचे, असं ठरलं आहे. कागद आणि दिवा यांचं आजवर दोनदा जुळलं नाही. दोन्ही वेळा कागद बरोबर होता आणि पट्टीच्या जोडणीतली वायर सुटली होती.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवात कागदानं करेन. सहा महिने नुसता कागद लावून कीस किती टिकतो याची नोंद केली असती, तर पट्टीची गरज खरोखर कुठं आहे ते आधी कळलं असतं. कदाचित ती फक्त ढेपेच्या तीन महिन्यांपुरती लागते.

चाचणी जिथं वापर तिथल्यासारख्याच वायूत घेईन. प्राणवायूचा मुद्दा एका दुपारी, बरणीत गोबरगॅस भरून कळला असता. त्यासाठी आठवडा आणि दोन पट्ट्या गेल्या.

काकांना पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवेन. रिलेचा प्रश्न त्यांनी दोन वाक्यांत निकाली काढला असता, आणि कीस तापतो हे त्यांना बहुधा आधीच माहीत असावं. आम्ही विचारलंच नव्हतं.

तारा अधिक टिकाऊ करण्याचं एक काम शिल्लक आहे. जाळीवर पातळ, सच्छिद्र थर दिला तर पाण्याचा थेंब अडेल आणि वायू आत जाईल, अशी कल्पना आहे. दोन नमुने तयार आहेत, पावसाळ्यात लावून बघायचे.

मावशींना पहिली वापरलेली पट्टी भेट दिली होती, काळी पडलेली. त्यांनी ती चिंचेनं घासून बघितली. काचेवर काहीच उरलं नाही.